कर्ता आढळला नाही

दत्ताराम चितारींनी सावंतवाडीत लेथ (लाकूड गरगर फिरवून त्याला गोल आकार देणारे यंत्र) बसवला. त्यांची कन्या कृष्णाबाई त्याच लेथवर पन्नास वर्षे आंबे, काजू आणि भोवरे घडवीत राहिली. कृष्णाबाईंची कन्या यशोदा हिने त्या भोवऱ्यांवर लाखेचा असा लाल रंग चढवला, की पिकल्या कोकमाने मान खाली घालावी. अशा तीन पिढ्यांच्या खांद्यावर उभी असलेली बारा वर्षांची केतकी त्या दुपारी मात्र ग्रंथालयाच्या पायरीवर हिरमुसून बसली होती.

चंद्रावरच्या वसाहतीत पहिले बालमंदिर उघडणार होते. तेथील मुलांसाठी पृथ्वीवरून एकच खेळणे निवडले जाणार होते. केतकीने स्वतः घडवलेल्या तीनशे बारा खेळण्यांची छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर मांडून अर्ज केला, आणि अकरा सेकंदांत उत्तर आले: 'कर्ता आढळला नाही.' सुधारणेस सूर्यास्तापर्यंत मुदत होती. लाकडी खेळणी आता खपत नव्हती; निवड झाली नाही, तर पहिल्या तारखेला लेथ वस्तुसंग्रहालयाला द्यायचा, असे तिच्या आईने, यशोदेने ठरवून टाकले होते.

तीनशे बारा वस्तू दिसाव्यात आणि त्या करणारी दिसू नये, हे कसे?

ज्याने हे उत्तर दिले होते, तो यंत्रमानव ग्रंथालयातच असे. अर्जांची पहिली चाळण त्याच्याकडे होती. गावातली मुले त्याला पारखीमामा म्हणत.

"मामा, तुमचे डोळे तपासून घ्या," केतकी आत जाऊन म्हणाली.

"कालच तपासले," पारखी शांतपणे म्हणाला. "आता तुझे तपासू."

त्याने खिडक्या झाकल्या. पुढच्याच क्षणी केतकीची सगळी खेळणी प्रकाशरूपाने दालनात अवतरली आणि त्यांचा ढीग थेट आढ्याला भिडला.

"यातला तुझा सर्वोत्तम भोवरा शोध."

केतकीने शोधला. पुन्हा शोधला. सापडला नाही.

"घडवणारीला सापडत नाही, तर पावणेचार लाख किलोमीटरवरच्या माणसाला कसा सापडावा? पोर्टफोलिओ (आपल्या निवडक कामाचा, विचारपूर्वक क्रमाने मांडलेला संग्रह) म्हणजे कोठार नव्हे. गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगलेल्या, फळांनी सजवलेल्या लाकडी चौकटीला) तू सगळी बाग टांगतेस का?"

"नाही. निवडून टांगते. नारळ मधोमध."

"मग येथेही तेच कर."

केतकीने नऊ वस्तू निवडल्या. उरलेला ढीग अंधारात विरून गेला आणि त्या नऊ वस्तू नक्षत्रासारख्या उजळल्या. आपण असे काही केले आहे, हे केतकीला आजवर ठाऊकच नव्हते. सर्वोत्तम भोवरा तिने पहिला ठेवला, कारण पाहणारा पहिल्यापाशी थांबला नाही तर पुढे येतच नाही. शेवटी ठेवली काजूंची डहाळी, कारण शेवटचे मनात रेंगाळते.

तरीही भिंतीवर पुन्हा तांबडी अक्षरे उमटली: 'कर्ता आढळला नाही.'

"वस्तू दिसली, पण हात दिसला नाही," पारखी म्हणाला. "ही साच्यातून निघाली नाही, हे मी कशावरून मानू?"

तेव्हा केतकीने कामाच्या पायऱ्या मांडल्या: ओबडधोबड लाकूड, फिरत्या लाकडावर दाबताच घर्षणाच्या उष्णतेने वितळणारी लाखेची कांडी, मग केवड्याच्या पानाने आणलेली झळाळी. प्रत्येक वस्तूखाली तिने लाकडाची जात, वजन आणि मापे लिहिली.

"हा भेलकांडणारा भोवरा पण लावू?" तिने बिचकत विचारले.

"का फसला ते ठाऊक आहे?"

"एका बाजूला जड झाला."

"तेही लिही. चूक ओळखणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. आणि मापांचा उपयोग पाहा."

त्या आकड्यांवरून पारखीने तिचा भोवरा चंद्रभूमीवर फिरवून दाखवला. तेथे गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारे बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकेच, म्हणून भोवऱ्याचे डोके सहापट संथ डुलत होते, जणू कोणी पेटती समई सांभाळत प्रदक्षिणा घालीत आहे. केतकी पापणी न लवता पाहत राहिली. तिने लिहिलेल्या चार आकड्यांत हे सारे दडले होते.

"आता नाव," पारखी म्हणाला.

केतकीला न्यायला आलेली यशोदा दारातूनच म्हणाली, "आमच्यात नाव घालनत नाय. वस्तू बोलता, नाव कित्याक व्हया?"

"वस्तू बोलते, यशोदाबाई. पण पत्ता सांगत नाही."

यशोदेला हसू आले, पण ते टिकले नाही. ती बाकावर बसली आणि लेकीला कधी न सांगितलेली गोष्ट तिने सांगितली. लाखेचे हे काम दत्तारामांना कोलगावच्या भागीरथी मेस्त्री यांनी शिकवले होते. गुरुदक्षिणा म्हणून त्यांनी एवढेच मागितले, की जिथे तुझे नाव लागेल तिथे आधी माझे लागावे. दत्तारामांनी शब्द दिला. पण बाईमाणसाचे नाव खेळण्यावर घालायला एकही व्यापारी तयार होईना. मग दत्तारामांनी स्वतःचेही नाव घातले नाही. रोजचा पहिला भोवरा तेवढा भागीरथीबाईंच्या नावाने फळीवर ठेवला जाई, आजपर्यंत.

"पण आई, हे पान आपले आहे," केतकी हळूच म्हणाली. "येथे कोणाला विचारायचे?"

यशोदा उठून लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली. "लिही," ती म्हणाली.

केतकीने श्रेयनोंद (कोणाचे काम कोणते, याची प्रामाणिक नोंद) लिहिली: 'पद्धत: भागीरथी मेस्त्री, कोलगाव. ती दत्ताराम, कृष्णाबाई आणि यशोदा यांनी राखली. घडण: केतकी चितारी.' खाली संपर्काचा पत्ता दिला. तांबडी अक्षरे मावळली. सव्वा सेकंदात पान चंद्रावर पोहोचले. सूर्य अजून नारळींच्या वर होता.

लेथ वस्तुसंग्रहालयात गेला नाही. पाच महिन्यांनी चंद्रावरून आलेल्या चित्रफितीत बालमंदिराच्या बाई मुलांना भोवऱ्याखालची पाटी वाचून दाखवीत होत्या. पहिले नाव त्यांनी सावकाश उच्चारले, आणि सतरा मुलांनी ते त्यांच्यामागून म्हटले, "भागीरथी मेस्त्री."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदेने पहिला भोवरा लेथवरून उतरवला, पण फळीवर ठेवला नाही. तो केतकीच्या तळहातावर ठेवीत ती म्हणाली, "ह्यो तुझो. पणजोबांचा देणा फिटला."