अंड्याची तहान

अंडी उबवायच्या वाळूच्या कुंडातले शेवटचे मेलेले अंडे डॉ. शरयू ताकसांडेने उघडले. पिल्लाच्या पंखांची हाडे ओल्या खडूसारखी बोटांखाली चुरली. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते, सहावा महिना होता. असली कामे आता नकोत, असे सासूबाई रोज बजावत. पण नामशेष झालेले पंखसरडे पुन्हा जन्माला घालण्याची हौस तिचीच होती!

"अंडी तर धडधाकट होती," केंद्राचे संचालक डॉ. अलोणे म्हणाले. "मग माशी शिंकली कुठे?"

"पाण्यात, सर. यांचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. आई ओल्या वाळूत अंडं पुरते आणि निघून जाते. मग अंडं वाळूतलं पाणी पिऊन फुगतं. पिल्लाला बाहेर पडताच उडायचं असतं, म्हणून हाडं आतच पक्की व्हावी लागतात. आणि वाळूला आपण घालतो त्या बोअरच्या पाण्यात जुन्या खाणीतलं शिसं उतरलंय. हाडं ते कॅल्शियम समजून ओढून घेतात."

"पुरलं की सुटली! वा रे आई!"

शरयूही हसली. पुढच्या अंड्यांसाठी तिने भांडून जलशुद्धी यंत्र बसवून घेतले, वाळूही बदलायला लावली.

दोन महिन्यांनी पहिले पिल्लू वाळूतून वर आले, अंग झटकले आणि उडून थेट छताच्या जाळीला लटकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अलोण्यांनी शरयूला पेढा भरवला, माठातले पाणी पुढे केले.

ग्लास ओठांशी नेता नेता ती थबकली. माठात पाणी बोअरचेच होते. वसाहतीतल्या तिच्या घरीही गेली पाच वर्षे तेच येत होते. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही, पण अंड्यांपलीकडे तिने पाहिलेच नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आजपासून थेंबही घ्यायचा नाही, असे तिने ठरवले आणि ग्लास खाली ठेवला. पण पाच वर्षांचे शिसे तिच्या हाडांत साठलेले होते. पोटातल्या बाळाची हाडे घडवायला शरीर आईचीच हाडे झिजवते, आणि त्यांतले शिसेही बाळाकडे जाते.

"अगं, पी ना! ठसका लागेल," अलोणे म्हणाले.

"ती बदलायची कशी, सर?"

"काय बदलायचं?"

शरयूने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

"वाळू."