मागच्या डाव्या चाकाचा आवाज

जगातल्या प्रत्येक थोर प्रेमाला आपलं एक संगीत असतं. कुठे बासरी, कुठे पैंजण, कुठे दुरून येणारी शीळ. जवाहरनगरच्या ललिता आणि खुशालच्या वाट्याला मागचं डावं चाक आलं.

हे चाक ललिताच्या वडिलांच्या, धनीरामजींच्या जुन्या काळ्या मोटारीचं. धनीरामजी फॅक्टरीच्या गेटवर झडती घेत आणि घरी आल्यावरही ड्युटी संपली असं मानत नसत. दुधावरची साय पातळ दिसली की त्यांची नजर आधी मांजरावर जाई, मग बायकोवर. पेट्रोल वाचवायला क्वार्टर्सच्या उतारावर ते इंजिन बंद करत, त्यामुळे मोटार चोरपावलांनी येई... आणि वळणावर ब्रेक दाबला की ते चाक ओरडे — खर्रर्र! सगळी लाइन सावध. कुठे रेडिओ बंद, कुठे पत्ते उशीखाली. नवऱ्याला चोरून दातांना तंबाखूचा गुडाखू लावून बसलेल्या ललिताच्या आई रुखमाबाई घाईघाईने चूळ भरत.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. वाऱ्याला कापलेल्या धानाचा वास होता. ललिता कुंपणाशी कच्ची चिंच खात उभी होती. खर्रर्र झालं, तशी तिने हातातली चिंच भिरकावली. ती सायकलवरून जाणाऱ्या खुशाल फिटरच्या कानावर बसली.

"काहून मारता जी?"

"मारली नाही, लपवली. बाबुजी येऊन राहिले."

"मले तर कोनी दिसून नाही राहिलं."

"दिसाच्या आधी ऐकू येते."

मोटार वळली तेव्हा खुशाल खाली बसून सायकलची चेन पाहत होता. चेन अगदी ठीक होती. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी नेमकी त्याच कुंपणाशी उतरू लागली.

"इथलं गवत कोनं तुडवलं?" धनीरामजींनी एकदा विचारलं.

"गाय आली असन," ललिता म्हणाली.

"गाय सायकलवर येते काय?"

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं : इतवारी साकोलीला जायचं, ललितासाठी पाहिलेलं स्थळ पक्कं करून यायचं. पाहुण्यांच्या दारात असा आवाज नको, म्हणून आधी ब्रेक दुरुस्त. त्यांनी खुशालला बोलावलं. रोज ज्याची चेन उतरते तो ब्रेक काय सुधारणार, ही शंका त्यांनाही आली होती. पण गॅरेजवाल्यांवर त्यांचा त्याहून जास्त संशय होता.

अंगणात खुर्ची टाकून धनीरामजी पहाऱ्याला बसले. खुशालने पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकवर उचलली.

"कोनीतरी ब्रेकवर पाय द्या लागन," तो म्हणाला.

धनीरामजींना खुर्ची सोडायची नव्हती. ललिता स्टिअरिंगपाशी जाऊन बसली.

"हळू दाबा... आता सोडा..." खुशाल हाताने चाक फिरवत कान लावून ऐकत होता.

"जोरात दाबू?"

"नको. तुमचं हळूच बरं आहे."

"काय बोलून राहिला?" खुर्चीतून आवाज आला.

"ब्रेकाले म्हनलं, काकाजी."

चाक निघालं, ड्रम निघाला. ब्रेकचं लायनर पार झिजलं होतं, आणि ते धरून ठेवणारी रिबिटं ड्रमावर घासून चरे पाडत होती. ललिता बघायला म्हणून खाली वाकली. वेणीचं टोक त्याच्या खांद्याला लागलं.

"राहू द्या ना तो आवाज," ती कुजबुजली. "धूळ झाडा आन् झालं म्हना."

खुशालने झिजलेल्या लायनरवरून अंगठा फिरवला. तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने भंडाऱ्याहून नवी लायनरं आणली.

"आवाज डाव्याचा. उजवं काहून खोलून राहिला?"

"एकाच बाजूले नवं घातलं तर गाडी ओढते, काकाजी."

त्याने ड्रम घासून साफ केले, ब्रेक जुळवले. इतकं मन लावून काम करतो म्हणजे याचा काहीतरी मतलब असणार, असं मनाशी नोंदवून धनीरामजी मोटार घेऊन चक्कर मारायला गेले.

"झालं समाधान?" ललिता कुंपणाशी फणकारली. "मले दोन शब्द सांगाले तोंड नाही उघडलं, आन् ड्रम तेवढा उघडला!"

"त्या गाडीत तुम्ही बसता जी. उतारावर थांबलीच नसती तर..." तो अडखळला. "आवाज होता तवर लपून येत होतो. आता समोरच्या दारातून या लागन. तुमच्या बाबुजीले विचारा लागन..."

"काय?"

"तेच... तुमच्यासाठी..."

"काय विचारशीन?"

मोटार त्यांच्या पाठीशी उभी होती. कोणालाच ऐकू आली नव्हती. काम खरोखर उत्तम झालं होतं.

धनीरामजी खाली उतरले. "म्हनजे मी येऊन राहिलो, हे चाक तुम्हाले सांगत होतं?"

ते खुशालकडे वळले.

"आन् तूच ते बंद केलं? यात तुहा काय फायदा?"

खुशालने डोकं खाजवलं. "फायदा काहीच नाही, काकाजी. नुकसानच आहे."

धनीरामजींनी या उत्तराची पूर्ण झडती घेतली. काही सापडलं नाही. त्यामुळे ते फार अस्वस्थ झाले. पुन्हा मोटारीत बसले, उतारावरून आले, खच्चून ब्रेक मारला. मोटार जागच्या जागी थांबली.

"इतवारी साकोली नाही," ते म्हणाले. "मोहाडीले जाऊ, तुह्या घरी. गाडी तू चालवशीन. मी मागून ध्यान ठेवीन तुह्यावर. ललिता समोर बसन... जवळून ध्यान ठेवाले."

ललिताने मूठ उघडली. तिच्यात चिंच होती. या वेळी तिने ती फेकली नाही, खुशालच्या हातात दिली.

खुशाल ग्रीसचे हात धुवायला मागच्या दारी गेला. रुखमाबाई साबण घेऊन उभ्याच होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, गुडाखूची डबी पदराआड नीट दडवली आणि हळूच म्हणाल्या :

"बापू, तुमचं तर चांगलं झालं. पन तो आवाज... जास्त नको, थोडासाच... परत बसवून देता काय?"