धबधब्याच्या वरचं पाणी

ते निघाले होते बंदुकीची दारू आणायला. सुरिनामच्या रानात, मोठ्या धबधब्याच्या वर, उसाच्या मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी गाव वसवलं होतं आणि पाऊस सरताच गोऱ्यांची फौज त्या गावावर चालून येणार होती. गावात बंदुका होत्या, पण दारू संपत आली होती. खालच्या मळ्यावरच्या आपल्या माणसांनी एक पिंप चोरून काठच्या झाडोऱ्यात दडवल्याचा निरोप आला. म्हाताऱ्या क्वामिनाला नदीतला खडक न् खडक ठाऊक, म्हणून होडीवर तो. माकाया रेड्यासारखा दांडगा, म्हणून ओझ्याला तो. अकुबाला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून होडीत जाऊन बसली.

"त्या मळ्यावर माझी सेनामी आहे," ती म्हणाली.

"बहीण का?" माकायाने विचारलं.

"एका जहाजातली."

मग कुणी काही विचारलं नाही. एका जहाजातून आलेली माणसं सख्ख्यांहून सख्खी, हे त्या गावात कुणाला सांगावं लागत नसे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोघींना एका साखळीत अडकवलं, तेव्हा त्यांना एकमेकींची भाषाही येत नव्हती. जहाजाच्या पोटात काळोख होता. शेजारची माणसं मरत आणि वर ओढून समुद्रात फेकली जात. अकुबाने खाणं सोडलं. तेव्हा सेनामी घास आपल्या तोंडात चावून मऊ करी आणि बोटाने तिच्या दातांआड ढकली. किनारा लागला आणि बाजारात दोघी दोन धन्यांना विकल्या गेल्या.

नदी त्यांना खाली घेऊन चालली. दोन्ही काठांवर झाडं एवढी उंच, की त्यांचे शेंडे धुक्यात हरवलेले. फांद्यांवरून लाल-निळे पोपट जोडीजोडीने उडायचे आणि ती ओरड पाण्यावर लांबवर घुमत राहायची. इतकी वर्षं या रानात काढूनही अकुबाचं वल्हं मध्येच थांबे.

"बघत बसलीस की होडी आडवी जाते, बाई!" क्वामिना करवादला.

"जाऊ द्या हो, बाबा," माकाया हसला. "तेवढाच माझ्या दंडांना आराम!"

धबधब्यापाशी होडी खांद्यावर घेऊन ते काठच्या पायवाटेने उतरले आणि पुढे मळ्याच्या हद्दीला लागले. रविवार होता. गुलाम आपापल्या वाफ्यांत खपत होते. अकुबा पानांआडून सरपटत गेली आणि कसाव्याचे कंद खणणाऱ्या एका बाईच्या पाठीमागे थांबली.

"सेनामी."

ती बाई वळली नाही. तिचे हात तेवढे थांबले.

"मेलीस असं सांगितलं होतं मला," ती हळूच म्हणाली.

"ऊठ. चल."

"कशी उठू? एकदा पळाले, तर त्यांनी टाचेवरची शीर कापली."

अकुबाने तिला पाठीवर घेतलं. झाडोऱ्यातलं पिंप होडीत चढवून ते निघाले, तोच मागे कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्या दिवशी धबधबा दिसला आणि क्वामिनाने वल्हं उचललं. पायवाटेच्या तोंडाशी धूर होता. निळे डगले! शिपाई मळ्याच्या रस्त्याने आधीच पोचले होते.

आता उरली होती एकच वाट. पलीकडच्या काठाला, दोन काळ्या कड्यांमधून पाण्याचा एक अरुंद पाट खाली कोसळत होता. तिथे देव राहतो म्हणून कुणी होडी घालत नसे.

"दोराने ओढावी लागेल," क्वामिना म्हणाला. "पण एवढ्या वजनाला नाही चढायची."

सेनामीच बोलली. "दारू न्या. सगळ्या गावाला लागणार आहे. मला काठाला उतरवा."

"मग मलाही उतरवा!" अकुबा म्हणाली.

म्हाताऱ्याने दोघींकडे पाहिलं. मग वाकून पिंपाला खांदा लावला. धप्प! पिंप भोवऱ्यात फिरलं आणि दिसेनासं झालं.

"बाबा!" माकाया ओरडला.

"माझ्या जहाजातलं कुणी उरलं नाही," क्वामिना म्हणाला. "दोर धर!"

त्याने ओंजळभर पाणी कपाळाला लावलं, देवाची परवानगी मागितली आणि होडी पाटात घातली. माकाया आणि अकुबा खडकांवर चढले. दोर ताणला. पाय घसरले. पाणी तोंडावर आदळलं! पलीकडून बंदुका वाजल्या. एक गोळी खडकाला लागून ठिणगी उडाली. होडी हातभर चढली. पुन्हा हातभर. एकाएकी ती आडवी झाली आणि क्वामिनाचा होडी रेटायचा बांबू काडकन मोडला!

सेनामी गुडघ्यांवर उठली. तिने कड्याची कपार दोन्ही हातांनी धरली. वीस वर्षं ऊस तोडलेले हात! तिने होडीसकट स्वतःला वर खेचलं. कपार सोडली, वरची धरली. "ओढा!" ती आपल्या भाषेत किंचाळली. अकुबाला तो शब्द जहाजापासून ठाऊक होता. तिने ओढलं.

आणि आवाज मागे पडला.

समोर आभाळाएवढं संथ पाणी पसरलं होतं, त्यात रान उलटं उभं होतं. सेनामी बघतच राहिली. "हे कुणाचं?" तिने विचारलं.

"कुणाचंच नाही," अकुबा म्हणाली.

गावच्या धक्क्यावर मुखिया वाट पाहत होता. क्वामिनाने घडलं ते सांगितलं. "बरं," मुखिया म्हणाला. "फौज यायच्या आत गाव आणखी वर हलवू. ही काही पहिली वेळ नाही."

पाण्याच्या कडेला एक तरुण बाई भांडी घासत होती. सेनामी तिच्या उघड्या खांद्याकडे टक लावून बघू लागली. तिच्या स्वतःच्या खांद्यावर धन्याची अक्षरं तापल्या लोखंडाने उमटवलेली होती, अकुबाच्याही होती. इथे मात्र नुसती नितळ, ओली कातडी होती.

"हिचा डाग कुठे आहे?" तिने कुजबुजत विचारलं.

"ती इथेच जन्मली."

सेनामीने हात पुढे केला आणि देवाला लावावा तसा त्या खांद्याला लावला. तरुण बाई दचकली, मग हसली.

"केवढा गार पडलाय हात तुझा, मावशी! चल, चुलीपाशी बस."