विहिरीपलीकडच्या शेताचं नाव

आमच्या मॅन बेटावर डोंगरांची नावं जुन्या नॉर्स दर्यावर्दींनी ठेवलेली, शेतांची आमच्याच खापरपणजोबांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती शेतांची नावं वहीत उतरवू लागलो. नियम एकच. तीन जणांना वेगवेगळं विचारायचं. तिघांनी तेच नाव सांगितलं, तरच शाई. तोवर पेन्सिल.

डॉल्बी गावाच्या वरच्या अंगाला जूअन किनिश आणि त्याची बायको व्हॉरी यांची अकरा शेतं. दहांची नावं सरळ लागली: घोड्याचं, खडकाचं, ओल्या कोपऱ्याचं. अकरावं, विहिरीपलीकडचं, जुन्या नकाशात 'माघेर इलियम', म्हणजे इलियमचं शेत. हा जूअनचा आजा. मेंढ्या आणायला तिथे गेला तो परतलाच नाही. भोवती कमरेएवढा दगडी बांध, आत नुसतं गवत. लपायला झुडूपसुद्धा नाही.

पण आता टपालवाला, लोहार आणि चर्च झाडणारी म्हातारी, तिघांनीही बेधडक सांगितलं, "माघेर जूअन."

किनिशांकडे हेरिंग मासे आणि बटाटे खाताना मी ते बोललो. जूअनला ठसकाच लागला. "काय हो थॉम मास्तर! माणूस समोर जेवतोय, आणि तुम्ही त्याच्या नावाची पाटी लावताय?"

व्हॉरी हसली नाही. निघताना फाटकापर्यंत आली.

"मास्तर, इलियमच्या वेळीही असंच झालं होतं. सासूबाई सांगायच्या, आधी नाव बदलतं, मग माणूस जातो. शाईने नका लिहू. मला तो एकटाच आहे हो."

"लोक बोलतात तेच मी लिहितो, वहिनी."

घरी येऊन शाईने लिहिलं.

शुक्रवारी भर दुपारी, लख्ख उन्हात, जूअन मेंढ्या आणायला गेला. व्हॉरीने खिडकीतून त्याला बांध ओलांडताना पाहिलं. मेंढ्या परत आल्या.

मला माझी लाज वाटली. नाव खोडलं आणि तिची माफी मागायला गेलो.

"तुम्ही म्हणाल ते नाव लिहितो," मी म्हणालो.

ती शेताकडे बघत म्हणाली, "कालपासून माझ्या तोंडी दुसरंच येतंय, मास्तर. माघेर थॉम."

मी पेन्सिलीने लिहून घेतलं. सवयच तशी.

उतारावर टपालवाला भेटला. न विचारताच म्हणाला, "थॉमच्या शेतावरून आलात वाटतं?"

लोहाराच्या दारावरून जाताना मी दोन्ही कान घट्ट झाकले. त्याचे ओठ हललेले मात्र दिसले.