मोकळबेटांचं राज्य

त्या दिवशी रघू घराबाहेर पडला तो फक्त कोयत्याला धार लावून आणायला. मार्गशीर्षातली अमावस्या होती. दुपारची भरती नुकतीच मागे फिरली होती, खळ्यात बायका वाळलेले बोंबील उतरवत होत्या, आणि काशीदच्या वाटेवर धर्मा लोहाराचा भाता रोजच्यासारखा फुसफुसत होता. भिण्यासारखं त्या दुपारी काहीच नव्हतं बघा.

धर्मानं कोयता घेतला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि खदखदून हसला.

"आरं रघ्या, ह्याला काय धार म्हनायची? दोर तर ऱ्हाऊ दे, शिजला भातबी कापायचा न्हाय ह्यानं. कवाधरनं आसा हाय?"

कधीपासून ते रघूला नेमकं ठाऊक होतं.

आज काय आहे ते मग धर्माच्याच ध्यानात आलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं कोयता तापवला, ठोकला, घासघासून पातं लख्ख केलं आणि शेवटी खोबरेलाचं बोट धारेवरून फिरवलं.

"एकच घाव हं, पोरा. दुसरा मारायचा न्हाय."

"म्हाईत हाय."

त्या वाडीची एक रीत होती. समुद्रानं माणूस नेला आणि परत दिला नाही, की घरटी एकेक दोर गोळा करायचा. सगळे एकमेकांना गाठी मारून जोडायचे. एक टोक गेलेल्याच्या दाराच्या खांबाला बांधायचं, दुसरं पार ओहोटीच्या पाण्यात नेऊन सोडायचं. वाट चुकली असेल तर त्यानं दोर धरून घरी यावं. तीन उधाणं, म्हणजे पुनव-अवसेच्या तीन मोठ्या भरत्या, वाट बघायची. तिसऱ्या उधाणाच्या ओहोटीला, दिवस बुडताना, जवळच्या माणसानं दोर एका घावात कापायचा आणि समुद्राला द्यायचा. मग गेलेला सुटतो. तोवर त्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं नाही आणि नवं लावायचंही नाही. तोवर घरची होडी पाण्यात जात नाही.

रघूचा मोठा भाऊ गुणाजी कार्तिकात गेला होता. आज तिसरं उधाण होतं. गुणाजीची बायको राही सव्वा महिना तेच फिकट, विरत चाललेलं कुंकू घेऊन चुलीपाशी बसून होती. ना सवाशीण, ना विधवा. आई आवडाबाई रोज दोघा भावांची ताटं वाढायची आणि एक उचलून ठेवायची. दोर कापणारा घरात रघूच होता. आणि रघूला दोर कापायचा नव्हता.

कारण त्यानं एकदा कापला होता.

गुणाजीबद्दल थोडं सांगायला हवं. मिठाच्या दंग्याच्या साली त्यानं किनाऱ्यावर मडकंभर खारं पाणी उकळलं होतं. ओंजळभर मीठ निघालं आणि दीड महिन्याची कोठडी मिळाली. सुटून आला तेव्हा वाळला होता, पण डोळ्यांत काहीतरी नवं होतं. डोलीचं, म्हणजे पाण्यातल्या खुंटांना बांधायचं जाळं लावून दोघं भाऊ होडीत पाणी फिरायची वाट बघत बसले, की तो सांगायला लागायचा. कोठडीत भिंतीकडं बघून बघून त्याला एक राज्य सापडलं होतं म्हणे. मोकळबेटांचं राज्य.

"आकरा बेटं," गुणाजी म्हणायचा. "ह्याच दर्यात. आन् राजा न्हाय."

"राजा न्हाय तर राज्य कसलं रं, दादा?"

"सिंव्हासन हाय की. त्याच्यावर बोंबील सुकवत्यात."

रघू हसून हसून होडी हलवायचा. शाळेत दुसरीच्या वर्गात मास्तरांची छडी मोडून तो पळाला होता, त्याला कुठल्याच राज्याचा इतिहास येत नव्हता. हा मात्र त्याला तोंडपाठ झाला. मोकळबेटांत दावं नाही, गाई-म्हशी आपणहून घरी येतात. निशाण नाही, कारण निशाण काठीला बांधावं लागतं. तुरुंग आहे पण त्याला दार नाही. ज्याला आपली चूक कळते तो आपला आत जाऊन बसतो, आणि मन निवलं की बाहेर येतो. एकदा शंभर गलबतं घेऊन कुणी बादशहा चालून आला. पण प्रत्येक बेट समुद्राच्या तळाशी एका दोरानं बांधलेलं असतं, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. त्यांनी रातोरात आपले दोर कापले. सकाळी बादशहानं बघितलं तर समोर नुसतं पाणी. तेव्हापासून ती बेटं फिरती आहेत.

"आन् आकरा कशी झाली? लढाई करून?"

"छट्. आदी एकच व्हतं. बाकीची इचारून घेतली. बेटाच्या दोराला तीन हिसके द्यायचे. त्याचा अर्थ, येतोस? समोरनं एक हिसका आला तर व्हय. मग इचारनाऱ्यांनीच दोर कापायचा, आन् बेट त्यांच्या संगं चालाय लागतं. न्हाय आला, तर गुमान माघारी फिरायचं."

"आन् दोर धरून हिसका दुसऱ्यानंच दिला तर?"

"कोन का देईना. दोर ज्याला बांधलेला, उत्तर त्याचं."

"चल, थापाड्या!"

गुणाजी हसायचा. मग लांब बघत राहायचा आणि म्हणायचा, "जायचं हाय तिथं एकदा."

कार्तिकातल्या त्या पहाटे जाळ्याचा दोर अडकला म्हणून गुणाजी पाण्यात उतरला. होडीचा एक दोर त्यानं मनगटाला गुंडाळला होता. पाणी फिरलं, जोराचं फिरलं. जाळ्याच्या दोरानं त्याचा पाय पकडला आणि तो खाली ओढला जाऊ लागला. होडीच्या काठावरून दोन दोर ताठ होऊन पाण्यात गेले होते. एक त्याला बुडवत होता, एक धरून होता. कुठला दोर कोणता, ते रघूनं बघितलं नाही. त्याचा हात नेहमीच डोक्याच्या पुढं धावायचा. त्यानं कोयता उचलला आणि घाव घातला. बोथट कोयता. दोर तुटेना. दुसरा घातला, तिसरा घातला. दोर एका पेडावर आला तेव्हा त्याला दिसलं, हा हातातला दोर आहे. तो थांबला. तेवढ्यात खालून एक हिसका आला आणि तो पेडही तुटला.

हे रघूनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन घावांपैकी कुठंही थांबता आलं असतं, एवढंच तो रोज अंथरुणावर मोजत होता.

दिवस बुडायला आला. ओहोटी पार लांब गेली होती. ओली वाळू राखेच्या रंगाची झाली होती आणि तिच्यापुढं धुकं उभं होतं. खळ्यातल्या सुक्या मासळीचा वास थंड हवेत खाली बसला होता. वाडीतली माणसं रीतीप्रमाणं घरामागं, समुद्राकडं पाठ करून उभी राहिली. आवडाबाई आणि राही दाराआड होत्या. दारात खांबापाशी एकटा रघू.

"उरक रं, बाबा," म्हातारा भागोजी तांडेल, वाडीतल्या होड्यांचा म्होरक्या, मागून म्हणाला. "अंधार पडाय लागलाय."

खांबापासून निघालेला दोर वाळूवरून धुक्यात गेला होता. सैल, मेलेल्या सापासारखा. ठिकठिकाणी गाठी. ही भागोजीच्या घरची, ही धर्मा लोहाराची. अगदी शेवटचा तुकडा गुणाजीच्या होडीतला, रघूनं स्वतः तोडलेला, टोकाला पिंजारलेला. रघूनं कोयता उचलला. दादा, त्यानं मनात म्हटलं, मी न्हाय कापनार. तू ये. पायजे तर मला मार, पन ये.

आणि धुक्याकडची एक गाठ वाळूवरून उचलली गेली.

मग तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. पाणी ठिबकत, एकेक गाठ वर येत, दोर ताठ होत होत त्याच्याकडं आला. वारा नव्हता. पाणी अजून ओसरतच होतं. समोर ना होडी, ना माणूस. दाराचा खांब हलकेच करकरला.

एक हिसका.

रघूच्या हातातला कोयता खाली आला.

दुसरा… आणि मग, अगदी सावकाश, तिसरा.

"दादा…?"

दाराआडून राहीचा आवाज आला, अगदी दबका. "भावजी… कोन हाय?"

रघूनं विचार केला असता तर? पण विचार करणारा रघू वेगळा असता. सव्वा महिना ज्या हाताचा स्पर्श व्हावा म्हणून तो तडफडत होता, तो हात त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं डाव्या हातानं दोर धरला आणि छातीशी ओढला. एकदाच. घट्ट.

आणि ओढल्यावर त्याला कळलं, दोर बांधलेल्या घराच्या वतीनं आपण काय उत्तर दिलं. हेही कळलं, की त्या पहाटे त्याचे तीन घाव पाण्याखाली दादाच्या मनगटाला तीन हिसक्यांसारखे लागले असतील. आणि तो शेवटचा एक हिसका काय होता.

दोर तुटला. आवाज झाला नाही. त्याच्या हातापासून आणि खांबापासूनही वीतभरावर तो स्वच्छ कापला गेला, जसा कसलेला तांडेल एका घावात कापतो. मग त्याच्या मुठीतून निसटून, वाळूवर सरसरत, गाठींचे ठिपके उमटवत तो धुक्यात गेला.

"झालं का?" भागोजीनं विचारलं.

"…झालं."

माणसं वळली. खांबाला राहिलेला वीतभर तुकडा त्यांनी बघितला. "एकाच घावात! शाब्बास," धर्मा म्हणाला आणि आपल्या धारेचं कौतुक वाटून त्यानं कोयता हातात घेतला. मग त्याचा चेहरा बदलला. पात्यावरचं खोबरेल जसंच्या तसं होतं. एक तंतू चिकटलेला नव्हता. त्यानं रघूकडं बघितलं, कोयता परत दिला आणि घरी गेला.

त्याच संध्याकाळी राहीनं कुंकू पुसलं. बायका रडल्या. राही रडली नाही, ती दाराकडं बघत राहिली.

पुढं पौषातल्या पुनवेला भागोजी समुद्रावरून चिडून आला. समुद्रात जाळ्याचे खुंट पाण्याखाली असतात, ते हुडकायला किनाऱ्यावरच्या खुणा धरतात. त्या वाडीची खूण बापजाद्यांपासून एकच होती. डोंगराची खाच आणि रघूच्या दारचा माड एका रेघेत आले, की खाली खुंट.

"खूण जुळंना," भागोजी म्हणाला. "माड खाचंच्या भायेर दिसतोय."

"तांडेल, आता डोळं बदला," पोरं हसली. "न्हायतर बायको बदला, ती कायतरी खायला घालती."

सगळे हसले. रघू हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटा होडी घेऊन गेला, खुंटापाशी थांबला, हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली. माड आणि खाच यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं. शेजारच्या घरांच्या खुणा जागच्या जागी होत्या. घर तेवढं त्याचंच हललं होतं. पुढच्या उधाणाला चार बोटं झाली.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरात आवडाबाई आता ते दुसरं ताट उचलून ठेवत नव्हती, ते मांडूनच ठेवायची. "आसू दे," म्हणायची. "आता जास्त लांब न्हाय." तिला काय म्हणायचं होतं, ते विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

पौषातल्या अमावस्येची दुपार होती. भरतीचं पाणी पार पायरीला लागलं होतं. रघू समुद्रावरून आला तेव्हा राही उंबऱ्यावर बसली होती. कपाळावर ठसठशीत, ताजं कुंकू.

"वैनी! हे काय? लोक काय म्हनतील?"

"कुठली लोकं?" राही शांतपणे म्हणाली. "भावजी, चुलीपाशी बसलं की खालनं पानी वाजतं. तुमाला आयकू येत न्हाय?"

रघूलाही ऐकू येत होतं.

"मलाबी सांगायचे ते," ती म्हणाली. "आकरा बेटं. सिंव्हासनावर बोंबील." ती हसली. कार्तिकापासून पहिल्यांदा. "तवा मला खोटं वाटायचं."

रघूनं होडीचा दोर खांबाकडं आणला. त्याच खांबाला तो वीतभर तुकडा अजून होता. तो बांधायला वाकला आणि थांबला. मग दोर त्यानं हातातून पाण्यात सोडून दिला.

भरती फिरली. ओहोटीचं पाणी खळखळत मागं निघालं. शेजारच्या दारातल्या बांधलेल्या होड्या दावणीच्या जनावरांसारख्या समुद्राकडं तोंड करून ओढू लागल्या, त्यांचे दोर ताठ झाले. रघूची होडी मोकळी होती. ती केव्हाच वाहून जायला हवी होती.

ती पायरीपासून तसूभरही लांब गेली नाही, आणि पायरीखालचं पाणीही हटलं नाही. संध्याकाळपर्यंत ती दोघं दारात बसून तिच्याकडं बघत राहिली.