किल्ल्यातला मळका स्पंज

आत्याने चिमट्यात सहावा गप्पी मासा उचलला, पेशंट चूळ भरतात त्या भांड्यात टाकला आणि पाणी सोडलं. दोन गिरक्या घेऊन मासा दिसेनासा झाला. दाढ काढून घ्यायला खुर्चीत आ वासून बसलेल्या आजोबांनी ते पाहिलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं.

"गेली ब्याद," आत्या म्हणाली. "हं, उघडा आता तोंड."

दारात तीन मुलं उभी होती आणि तिघांचीही तोंडं एवढीएवढीशी झाली होती. पुढे होती टिटवी, वय वर्षं बारा. तिला टिटवी का म्हणतात ते ती बोलायला लागली की पहिल्या मिनिटात कळायचं. मागे तिचा धाकटा भाऊ गोटा. कुठेही ठेवला तरी घरंगळत दुसरीकडे पोचायचा. आणि तिसरा त्यांचा आत्येभाऊ. त्याचं वय तेरा, पण उपदेश साठीतल्या माणसाचा, म्हणून सगळे त्याला हेडमास्तर म्हणत. सुट्टीत टिटवी आणि गोटा आत्याकडे राहायला आले होते. वरच्या मजल्यावर घर आणि खाली आत्याचा दातांचा दवाखाना.

मासे ठेवायची कल्पना आत्याचीच. बाहेरच्या खोलीत लहान पेशंट भोकाड पसरतात, त्यांना बघायला काहीतरी हवं. टाकी मुलांनी लावायची, असं ठरलं. आणि मुलांनी काही म्हणता काही चुकवलं नव्हतं! वाळू सतरा वेळा धुतली. नळाचं पाणी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवलं. झाडं रोवली, हवेचा पंप लावला, त्याच्या नळीला पाणी गाळणारा स्पंज जोडला. माशांची पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मगच सोडली. तरी सहाव्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकायला लागले, त्यांचे कल्ले लालभडक झाले आणि एकेक करून ते उलटे झाले. पहिली खेप अशी गेली. आता दुसरीही गेली.

आत्याने गुन्हेगार तिथल्या तिथे ठरवून टाकला. दवाखान्यातल्या मावशी! मावशी नऊ वर्षं तिथे काम करत होत्या. हत्यारं धुणं, खुर्ची पुसणं, घाबरलेल्या पोरांचा हात धरून उभं राहणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे आत्याला दोनदा बोलावं लागायचं, आणि दुसऱ्यांदा बोलताना तिचा आवाज चिरकायचा. टाकी पुसणाऱ्या त्याच, म्हणजे मासे मारणाऱ्याही त्याच, असं आत्याचं सरळ गणित होतं.

"आपण पाळत ठेवायची," टिटवी म्हणाली. तिला भारी उत्साह आला होता. मेलेल्या माशांचं दुःख होतंच, पण पाळत ठेवायची मजा वेगळीच असते.

त्या संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर तिघं पडद्यामागे दबा धरून बसले. मावशी आल्या. त्यांनी बाह्या वर केल्या, टाकीत हात घातला, स्पंज काढून साबणाने खसाखसा धुतला आणि दातांच्या हत्यारांबरोबर वाफेच्या मशीनमध्ये ठेवला. अर्ध्या तासाने पांढराशुभ्र स्पंज परत टाकीत. गोट्याला याच वेळी शिंक यायची होती, पण हेडमास्तरने त्याचं नाक दाबून धरलं.

टिटवीच्या तोंडात तीळ भिजत नाही. रात्रीच्या जेवणाला तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मावशी रोज टाकीत हात घालतात, साबणाचा हात. मशीनचं तिने सांगितलंच नाही. तिला वाटलं, ती तर चांगलीच गोष्ट झाली, त्यात सांगण्यासारखं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरची खोली भरलेली असताना आत्याने मावशींना हाक मारली. नऊ वर्षांत हात धुवायची अक्कल आली नाही, मुक्या जिवांची हत्या करता आणि वर तोंड खाली घालून उभ्या राहता, असं काय काय ती बोलली. पेशंट मासिकं चाळत ऐकत होते. एक बाई हसल्यासुद्धा. "आणखी एकच खेप आणणार," आत्या शेवटी म्हणाली. "हेही मेले तर तुम्ही घरी बसायचं. मला घरातल्याच माणसाने सांगितलंय तुम्ही काय करता ते."

मावशींनी टिटवीकडे पाहिलं. "बरं मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन हत्यारं पुसायला लागल्या. टिटवी रिकाम्या टाकीकडे तोंड करून उभी राहिली.

तिसरी खेप आणायला मुलं मासेवाल्या काकांच्या दुकानात गेली. दुकान कसलं, बोळकांडीच ती! दोन्ही बाजूंनी छतापर्यंत टाक्या, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि सगळीकडे पंपांची गुणगुण. काका फारसं बोलत नसत. त्यांनी पिशवीत हवा भरता भरता विचारलं की स्पंज कोण धुतं, किती दिवसांनी.

"रोज!" टिटवी ऐटीत म्हणाली. "साबणाने. आणि नंतर वाफेच्या मशीनमध्ये."

काकांच्या हातातली पिशवी फुस्स झाली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग आपल्या जुन्या टाकीतून एक स्पंज बाहेर काढला. तपकिरी, बुळबुळीत, कुणी हातात धरणार नाही असा. त्यांनी सांगितलं ते असं. मासे पाण्यातच सगळं उरकतात आणि त्या घाणीचं विष होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतं. ते विष खाणारे बारीक बारीक जीव असल्या मळक्या स्पंजात राहतात. त्यांची वस्ती बसायला महिना लागतो. "आणि तुम्ही त्या बिचाऱ्यांना रोज संध्याकाळी शिजवता," काका म्हणाले. "मग मासे जगतील कसे?"

तिघं धावत घरी आले. हेडमास्तर थेट हत्यारं धुवायच्या खोलीत गेला. तिथे भिंतीवर आत्याच्या हातचा नियमांचा कागद होता. वरचे नियम जुने होते, पण शेवटी ताज्या शाईत एक ओळ होती: माशांचा स्पंजसुद्धा रोज वाफवणे. खाली आत्याची सही. म्हणजे मावशी हुकमाची तामिली करत होत्या आणि हुकूम देणारी तो देऊन विसरूनही गेली होती.

टिटवीने जेवताना पुन्हा तोंड उघडलं. या वेळी सगळं सांगितलं, वाफेचं मशीन, कागद, तपकिरी स्पंज. आत्याचा घास हातातच राहिला. "आता मासेवाला मला जंतू शिकवणार? माझ्या दवाखान्यात जंतू पाळायचे?" मावशींनीच मुलांचे कान भरले असणार, असं तिने ठरवलं. तिचा स्वतःचा मुलगा मध्ये बोलायला गेला तर त्याला ताटात बघून जेवायला सांगितलं. स्पंज वाफवला जाणारच, आणि मासे मेले तर मावशी जाणारच. विषय संपला.

विषय मुलांनी संपू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती तिघं काकांकडून नवे मासे आणि एक प्लॅस्टिकचा किल्ला घेऊन आली, आतून पोकळ. पोकळीत काकांनी आपला तो मळका स्पंज कोंबून दिला होता आणि बुरुजातून हवेची दुसरी नळी आत सोडली होती. मुलांनी आत्याला सांगितलं की ही आमच्याकडून भेट. किल्ला मशीनमध्ये वितळला असता, म्हणून वाफेतून वाचला. गोट्याने किल्ल्याशेजारी बसून पहारा करायचा, आणि कुणी पुसायला उचलू लागलं की पोट दुखल्याचं सोंग करायचं. त्याचं पोट चार दिवसांत तीनदा दुखलं. आत्याने त्याला एरंडेल पाजलं. गोट्याने ते डोळे मिटून घेतलं. हुतात्मा व्हायची त्याला पहिल्यापासूनच हौस.

आता रोज संध्याकाळी पांढरा स्पंज वाफेत जाई आणि किल्ल्यातला मळका आपलं काम करत राही. बुरुजातून बुडबुडे निघत. लहान पेशंट ते बघत रडायचं विसरत.

मावशींना यातलं काही सांगायचं नाही, असं हेडमास्तरचं मत पडलं. त्या आत्याशी खोटं बोलू शकणार नाहीत, आणि पकडल्या गेल्या तर त्याच दिवशी नोकरी जाईल. टिटवीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं, कारण सांगायचं तर आधी आपली चुगली कबूल करावी लागली असती. गुपित मोठं होतं, गमतीचं होतं, आणि शेवटी सगळ्यांसमोर किल्ला उचलून दाखवायचा तो क्षण तिला कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता.

पाचव्या दिवशी शेपूट फाटलेला एक मासा मेला. बाकीच्यांनी त्याला टोचून टोचून हैराण केलं होतं. सकाळी तो मावशींना दिसला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पटकन तो कापसात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत तळाशी दडवला. दिवसभर त्या दार जरा हललेलं दिसलं तरी दचकत होत्या. टिटवीने हे सगळं कोपऱ्यातून पाहिलं. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही.

सहावा दिवस उलटला. दहावा उलटला. एकही मासा वर येऊन धापा टाकेना. उलट झाडांच्या मुळाशी तांदळाच्या कणीएवढी पिल्लं दिसायला लागली, त्यामुळे मोठे किती आणि छोटे किती, हे आत्याला मोजता येईना.

पंधराव्या दिवशी खोली भरलेली होती. दाढवाले आजोबा दुसरी दाढ सुजली म्हणून पुन्हा आले होते. आत्या टाकीसमोर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा, जरा दम दिला की माणसांचे हात कसे सुधारतात!"

टिटवीने पाण्यात हात घातला आणि किल्ला बाहेर काढला. तपकिरी पाणी फरशीवर ठिबकलं. तिने मळका स्पंज उपसून आत्यासमोर धरला.

"मावशींनी काही नाही केलं, आत्या. मासे तुझ्या मशीनने मारले. यानं जगवले."

मग हेडमास्तरने सगळं समजावून सांगितलं, नेहमीसारखं लांबण लावून, पण आज कुणी त्याला थांबवलं नाही. भिंतीवरचा कागद गोट्याने आणून दाखवला. आत्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पण ती मूर्ख नव्हती. तिने स्पंज खुर्चीवरच्या दिव्याखाली नेला, उलटसुलट करून पाहिला आणि एकदम हसली.

"शाबास! माझ्या घरात शास्त्रज्ञ राहतात आणि मलाच पत्ता नाही!" आजोबांनी सुजलेल्या तोंडाने वाहवा केली. मावशींना बोलणी बसली त्या दिवशी हसलेली बाई आपल्या मुलाला सांगू लागली, बघ, याला म्हणतात डोकं. आत्याने तिघांच्या पाठी थोपटल्या. आतल्या खोलीकडे तोंड करून ती म्हणाली, "मावशी, उद्यापासून स्पंज वाफवू नका." झालं. मावशींसाठी तिच्याकडे एवढंच होतं.

टिटवी आत पळाली. मावशी नळाखाली हत्यारं घासत होत्या. टिटवी धापा टाकत म्हणाली की आता तुम्हाला कुणी काढणार नाही, मासे जगणार हे आम्हाला पक्कं माहीत होतं, आम्ही पहिल्या दिवसापासून बंदोबस्त केला होता!

मावशींनी नळ बंद केला. "पहिल्या दिवसापासून?"

"हो ना. पंधरा दिवस!"

"पंधरा दिवस मला घास गिळवत नव्हता गं," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "घरी सांगून ठेवलं होतं, आता काही खरं नाही म्हणून. तुला माहीत होतं, आणि तू बघत होतीस?"

टिटवीने फडका उचलला आणि पुसायला एक हत्यार हातात घेतलं.

"जा, बोलावतायत तुला," मावशी म्हणाल्या आणि नळ पुन्हा सोडला.

बाहेर आत्या तिच्या नावाने हाका मारत होती. टिटवी गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनीही. टिटवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पोरगी आनंदाने रडतेय असं समजून लोक आणखी जोरात टाळ्या वाजवत राहिले.