धूर दिसंल तिकडं या

“पाच मिनिटांत पोचतोच!” असं फोनवर सांगणाऱ्या पाहुण्यांचा तासाभरानंतरही पत्ता नव्हता. मागच्या रविवारीही अगदी हेच झालं होतं!

पिंपळगाव रेणुकाईच्या आसराबाईंनी यंदा पहिल्यांदाच शेतात हुरडा पार्टी सुरू केली होती. कणसं भाजायच्या आगटीत गोवऱ्या फुलल्या होत्या, दही आणि चटणी झाकून ठेवली होती, आणि खायला कुणीच नव्हतं.

“आज न्हाई आले, तर उद्यापासून बंद,” त्यांचे यजमान राजानंद म्हणाले. “चार दिवसांत कणसं कडक होतील. बास झाली हौस!”

आसराबाईंचे डोळे भरून आले. ते त्यांच्या लेकीला, वर्षाराणीला बघवेना. तिनं सायकल काढली. नाताळच्या सुट्टीत जालन्याहून आलेली मावसभावंडं, आकांक्षा आणि अंगद, दुसऱ्या सायकलवर डबलसीट निघाली.

फाट्यावर पोचतात तोच एक पांढरी जीप आली. “तो बघा धूर!” आतून कुणीतरी ओरडलं आणि जीप डावीकडे वळली.

“अगं, आपलं शेत तर उजवीकडे आहे!” अंगद म्हणाला. “मावशी फोनवर रस्ता कसा सांगते?”

वर्षाराणीनं आईची हुबेहूब नक्कल केली, “फाट्यावर या, मंग धूर दिसंल तिकडं या!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. उजवीकडे आगटीच्या धुराची बारीकशी रेघ होती आणि डावीकडे काळा लोट!

तिघांनी सायकली जीपमागे दामटल्या. तिकडे शेजारच्या शेतातले त्रिंबकमामा कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळत होते. “हितं कुठला हुरडा? जावा बरं!” ते पाहुण्यांना हाकलत होते.

“मामा, मागच्या रविवारच्या पाहुण्यांना आमचं शेत का न्हाई दाखवलं?” वर्षाराणीनं विचारलं.

“त्यांनी कुठं विचारलं? मी माझं काम करून राह्यलो. रविवारीच सवड आसती मला.”

आकांक्षानं डोळा मारला आणि मोठ्यानं म्हणाली, “या, बसा! हुरडा त्रिंबकमामाच भाजणार. बैलगाडीची फेरीपण आहे!”

झालं! सतरंजी पसरली. दोन पोरं मामांच्या बैलगाडीत चढली. एका आजींनी दही मागितलं, दुसऱ्यांनी चहा.

“आरं थांबा! जाळ विझवतो! बिलकुल आत्ता विझवतो!” मामा बादली घेऊन पळाले. “पण ह्यांना घेऊन जा!”

“बैलगाडीतून तुम्हीच सोडा मंग,” वर्षाराणी म्हणाली.

अशी वरात शेतावर पोचली. राजानंदांनी तळहात भाजेपर्यंत कणसं चोळली. आजींना तर हुरड्यापेक्षा बैलगाडीच जास्त आवडली! त्रिंबकमामाही आगटीशेजारी मांडी घालून बसले.

“पोरांनो, तुम्ही होता म्हणून बरं झालं,” म्हणत आसराबाईंनी गरम हुरड्याची पहिली मूठ तिघांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. तो राजानंदांनीच उचलला.

“उद्या? या की! बराबर फाट्यावर या, मंग धूर दिसंल…”

“बाबा!” “काका!” तिघंही किंचाळली.

“न्हाई न्हाई!” राजानंद घाईघाईनं म्हणाले. “फाट्यावर आमची पोरं उभी आसतील!”